पत्र्याखालची पहिली ते चौथी

मंगळवार, २८ सप्टेंबर १९९३. सकाळचे साडेअकरा. तेरणेच्या खोऱ्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर तुम्ही बसला आहात. गाव औसा तालुक्यातलं म्हणा नाहीतर उमरगा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही एवढं पुरे. पुढे जी बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली, त्यांतलं कुठलंही धरा.

शाळेला खोल्या दोन, गुरुजी दोन आणि वर्ग चार. एका खोलीत चौथी, दुसरीत तिसरी. दुसरीचा वर्ग या ओसरीवर, तुमच्या गुडघ्याला गुडघे लावून. पहिली समोरच्या लिंबाच्या झाडाखाली. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचं ठरलं होतं. त्या हिशेबानं या शाळेचं भागलं आहे. कागदावर तिला काही कमी नाही. पण सर आली की पहिलीची आणि दुसरीची लेकरं पाट्या डोक्यावर धरून आत पळतात. मग दोन खोल्यांत चार इयत्ता, आणि श्वास घ्यायलाही जागा नाही, अशी गत होते.

लिंबाखाली बसलेल्या पहिलीतल्या त्या मुलीकडे नीट बघा. निळ्या रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या, पाटीवर ‘ग’ काढून पुसून पुन्हा काढते आहे ती. जूनमध्ये तिचा बाप तिला घेऊन आला तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. “जोंधळे काढायच्या वक्ताला झाली,” एवढंच तो सांगू शकला. गुरुजींनी १ जून लिहिली. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांच्या जनरल रजिस्टरात अशा १ जूनच्या जन्मतारखा ओळीनं सापडतात. तिचा चेहरा लक्षात ठेवा. आपल्याला तिच्याबरोबर चार वर्षं जायचं आहे.

परवाच्या पहाटे मात्र मी तुम्हाला नेणार नाही. २९ तारखेला गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, दगडमातीच्या, आणि वर लाकडावर मातीचा जड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात आहे, इतरत्र तो दहा हजारांच्या आसपास सांगितला जातो. शाळेच्या खोल्याही बसल्या. पण पहाटेची वेळ, आत कुणी नव्हतं. लेकरं घरी होती.

आता जानेवारी १९९४. थंडी आहे. गावाशेजारच्या मोकळ्या रानात उभ्या केलेल्या एका तंबूत तुम्ही शिरता. फळा उभा करायला भिंत नाही, म्हणून तो बाजेच्या गाताला दोरीनं बांधलाय. दोन गुरुजींपैकी एकच उरले आहेत. त्यांच्या मांडीवर कोरा हजेरीपट आहे. जुना ढिगाऱ्यात गेला, जनरल रजिस्टरही गेलं. गुरुजी आठवून आठवून नावं लिहितात, मध्येच थांबतात, पुढच्या नावाकडे जातात. समोरच्या मुलांना विचारून जन्मतारखा भरायच्या म्हटल्या तर पुन्हा तेच, १ जून. निळ्या रिबिनीची मुलगी आहे. तिची आई नाही. रिबीनही नाही. आजीनं जमतील तशा वेण्या घातल्या आहेत.

काही मुलं या तंबूत नाहीत, तरी ती सुखरूप आहेत. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. सगळं काही मोडलेलं असताना मुलांचं वर्ष मोडू नये असं कुणाला तरी तातडीनं वाटलं, याचं मोल मला आजही फार मोठं वाटतं. आणीबाणीत हेच लागतं. शरद पवार मुख्यमंत्री होते, लातूरला प्रवीण परदेशी जिल्हाधिकारी होते, आणि त्या पहिल्या महिन्यांत प्रशासनानं, सैन्यानं, स्वयंसेवकांनी जे काम उभं केलं त्याचा दाखला पुढे देशभर दिला गेला. तंबू गेले, पत्र्याची शेड आली, तीही झपाट्यानं.

आणि शेड आली तेव्हा ती सगळ्यांना हवीशी वाटली, हेही तुम्ही तिथं उभं राहून समजून घ्या. लोकांनी दगडाचा धसका घेतला होता. डोक्यावर जड काही नको. पत्रा पडला तर खोक पडेल, माणूस दबणार नाही. जून १९९४ मध्ये शाळा शेडमध्ये भरली त्या दिवशी बायकांनी दाराला आंब्याची डहाळी बांधली. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर हुकांनी आवळलेले पन्हाळी पत्रे, खाली मुरूम. गावातल्या कुणालाही हे कायमचं वाटलं नव्हतं. सरपंच म्हणाले, “वर्षभर काढू गुरुजी. मग पक्की शाळा.” गुरुजींनी मान डोलावली.

त्याच जूनमध्ये थांबा. पहिला मोठा पाऊस येऊ द्या.

शेडमध्ये चार इयत्ता आहेत, मधे गोणपाटाचे पडदे. गुरुजी चौथीला भागाकार शिकवताहेत. पत्र्यावर पहिले थेंब पडतात तेव्हा ते आवाज चढवतात. सर वाढते, ते ओरडू लागतात. मग त्यांचे ओठ हलताना दिसतात आणि काहीच ऐकू येत नाही. ते खडू घेतात, फळ्यावर लिहितात: ‘उतरून घ्या.’ चौथीची मुलं उतरून घेतात. पहिलीच्या मुलांना अजून वाचता येत नाही, ती नुसती बघत राहतात. तासभर पाऊस असेल तर पहिलीचा तासभर असाच जातो. हुकांच्या भोकांतून पाणी ठिबकायला लागतं. कुठं ठिबकतं ते मुलांना लगेच कळतं, ती आपापल्या तरटपट्ट्या तेवढ्या बाजूला ओढून घेतात आणि राहिलेल्या कोरड्या जागेत एकमेकांच्या अंगावर बसतात.

वारा सुटला की आणखी एक गोष्ट दिसेल. पत्रे उडू नयेत म्हणून गावोगाव छपरावर दगड ठेवतात. इथं कुणी दगड ठेवलेला नाही. वाळूनं भरलेली पोती ठेवली आहेत. पहिल्या आठवड्यात कुणीतरी चार दगड चढवले होते, तर निम्मी मुलं आत यायला तयार होईनात. गुरुजींनी स्वतः शिडी लावून ते उतरवले.

भूकंपानंतरचे धक्के महिनोन्‌महिने येत राहिले. वाऱ्यानं वाजणारा पत्रा आणि धक्क्यानं वाजणारा पत्रा यांतला फरक मुलांना मोठ्यांच्या आधी कळायचा. वाऱ्यात पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे वाजत जातो. धक्क्यात सगळा एकदम थरारतो. तुम्हाला तो फरक कळायच्या आत तुमच्या शेजारची दुसरीतली मुलगी, तीच, पाटी टाकून बाहेर पळालेली असते.

पुढचा मुक्काम एप्रिल १९९५. दुसरीची परीक्षा. सकाळची शाळा आहे, कारण दुपारी या पत्र्याखाली बसणं शक्य नाही. तरी नऊ वाजेपर्यंत सावली शेडच्या एका बाजूला सरकते आणि सगळी शाळा तिच्यामागे बाहेर सरकते, तरटपट्ट्यांसकट. साडेनऊला पत्र्याला हात लावा. लावून बघाच. दहाला गुरुजी पेपर गोळा करतात. ज्यांचे झाले नाहीत त्यांचे राहिले. मुलीचं शेवटचं गणित राहिलं आहे, तिला ते येत होतं.

बाहेर गुरुजी आणि सरपंच बोलताहेत.

“शाळेचं कवा व्हायचं गुरुजी?”

“अंदाजपत्रक गेलंय जिल्ह्याला. जागेचा सात-बारा मागितलाय.”

“जागा तर नव्या गावठाणात दावलीच की त्यायनी.”

“दावली, पण नावावर झाली नाही अजून.”

इथं जरा थांबू. पुढचा सगळा उशीर या चार वाक्यांत आहे. शेड आपत्तीच्या पैशातून येते. तो पैसा तातडीचा असतो, त्याला विचारणारं कुणी नसतं आणि असूही नये. पक्की इमारत मात्र नेहमीच्या वाटेनं येते: जागा ताब्यात, मग नकाशा, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश. यांतली प्रत्येक पायरी योग्य कारणासाठी घातलेली आहे, आणि एकही पायरी अशी नाही जिथं मुलाच्या इयत्तेची नोंद करायची असते. मार्च उलटला की तरतूद परत जाते, पुन्हा पहिल्यापासून. त्यातून घरांचं काम आधी, आणि ते बरोबरच होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन प्रकल्पाचा पसारा अफाट होता. बावन्न गावं नव्या जागी बांधायची, शिवाय तेरा जिल्ह्यांत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती. जमीन किती त्यावर घराचं माप ठरलं: अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फूट. घर नसलेल्या माणसापुढं शाळेचा विषय कोण काढणार?

पण याहून घातक गोष्ट वेगळी आहे. शेड एकदा उभी राहिली की वार्षिक माहितीत ती ‘खोली’ म्हणून मोजली जाते. ‘वर्गखोल्या किती?’ या रकान्यात आकडा येतो, आणि आकडा आला की निकड जाते. ज्या शाळेकडे काहीच नाही तिचा नंबर आधी लागतो, आणि हिच्याकडे तर शेड आहे. तात्पुरती सोय अशी गावाच्या मागणीची जागा घेऊन बसते. कुणी लबाडी केली म्हणून असं घडत नाही. मुलांची अडचण मांडायला त्या रकान्यात जागाच नसते, म्हणून घडतं.

चला, १९९६ चा ऑगस्ट.

मुलगी चौथीत आहे. शेड तीच. आत मात्र गर्दी वाढली आहे. नव्या गावठाणाच्या बांधकामावर बाहेरून आलेल्या मजुरांची लेकरं आता हजेरीवर आहेत. काहींची भाषा वेगळी, पण उन्हातान्हात खडीच्या ढिगावर हिंडण्यापेक्षा शाळेत बरी म्हणून गुरुजींनी सगळ्यांना घेतलं. त्यातून १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना आली आहे. हजेरी चांगली असेल तर दर मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ. योजना मोलाचीच, घरी चूल पेटवायची भ्रांत असलेल्या किती मुलांना तिनं शाळेत आणलं. पण तांदळाची पोती ठेवायची कुठं? दुसरी जागा नाही. पोती शेडच्या मागच्या भिंतीला लागली, पहिलीचा फळा तिथून निघाला, पहिली पुन्हा बाहेर गेली. लिंब तर जुन्या गावात राहिला. इथं शेवग्याचं एक रोप आहे, त्याची सावली अजून पाटीएवढी.

चौथीच्या वर्गात मुलीला कविता म्हणायला उभं केलंय. ती घसा ताणून म्हणते, कारण पडद्यापलीकडे दुसरी दोन-एकी-दोन म्हणते आहे आणि तिसरीत कुणीतरी रडतंय. तिचा आवाज खणखणीत आहे. दोन वर्षं पत्र्याशी, पावसाशी आणि तीन इयत्तांशी झगडून तो तसा झाला आहे. तुम्हाला कौतुक वाटेल. मलाही वाटतं. पण तिच्या बाजूला बसलेला तो मुलगा बघा, त्याचा आवाज मुळात बारीक आहे. तीन वर्षांत गुरुजींना तो ऐकूच आलेला नाही. पाचवीला मोठ्या गावातल्या हायस्कुलात जाईल तेव्हा त्याला जोडाक्षरं वाचता येणार नाहीत, आणि तिथले शिक्षक म्हणतील, मुलगा ढ आहे. गर्दीच्या वर्गात नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. धीट मुलं वाट काढतात. मुकी मुलं बुडतात, आणि बुडाल्याचा आवाजही होत नाही.

एप्रिल १९९७. मुलगी चौथी पास झाली. जूनपासून ती बसनं पाचवीला जाणार. गुरुजींनी दाखला लिहिला, तारखेच्या जागी १ जून.

आणि आता १९९८ चा पावसाळा संपताना नव्या गावठाणात या. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकसारखी घरं. जुन्या गावातल्या गल्ल्या, भावकीचे वाडे, पार, सगळं दूर राहिलं. शेतं लांब पडली म्हणून माणसं कुरकुर करतात, तरी रात्री भिंतीकडे न बघता झोपतात. या रस्त्यांच्या मधोमध शाळा उभी आहे. भक्कम, भूकंपाला टिकेल अशी, स्लॅबची. खोल्या चार. दाराला पुन्हा आंब्याची डहाळी. आत जा. पहिलीच्या वर्गात बसा. बाहेर पाऊस चालू आहे, आणि गुरुजी अगदी हलक्या आवाजात गोष्ट सांगताहेत, शेवटच्या ओळीतल्या मुलाला ती ऐकू येते आहे. इतकं साधं. एवढ्यासाठीच सगळं मागणं होतं.

उद्घाटनाच्या भाषणात पाव्हणे म्हणाले, काम विक्रमी वेळात झालं. एवढा पसारा बघता ते खोटं म्हणता येणार नाही. प्रकल्पाच्या घड्याळानं पाच वर्षं थोडी आहेत. पण निळ्या रिबिनीच्या मुलीनं प्राथमिक शाळा सुरू केली ती लिंबाखाली आणि संपवली ती पत्र्याखाली. तिच्यासाठी ही इमारत आलीच नाही. तिच्या पुढेमागे असलेल्या तीन-चार तुकड्यांतल्या मुलांनाही ती अपुरी मिळाली किंवा मिळालीच नाही. मोठ्यांची पाच वर्षं पुढे भरून निघतात. मुलाची पहिली एकदाच येते. इमारतीचा उशीर महिन्यांत मोजणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं. तो इयत्तांत मोजला पाहिजे. ‘काम अठरा महिने रखडलं’ असं लिहिण्याऐवजी ‘एका तुकडीची दुसरी आणि तिसरी गेली’ असं लिहा, मग बैठकीत बसलेल्या माणसाचा हात सहीकडे लवकर जाईल.

तुम्हाला परत आणायच्या आधी वाटेत दोन ठिकाणं दाखवतो. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. डोंगर गावावर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. शाळेची इमारत तेवढी शाबूत राहिली. नवं गाव मिळालं एप्रिल २०१७ मध्ये. तोवर पत्र्याची शेड. आणि १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इथंही डोंगर वस्तीवर आला. वाचलेल्यांना कंटेनरमध्ये ठेवलं. पत्रा जाऊन कंटेनर आला, पण लेकरांच्या वाट्याला आलं ते थांबणंच.

आणि हे फक्त आपत्तीपुरतं नाही. तुम्ही राहता त्या शहराच्या कडेला, जिथं दहा वर्षांत नव्या वसाहती उठल्या, तिथल्या शाळेत एक चक्कर मारा. जुनी इमारत धोकादायक म्हणून पाडलेली, पटांगणात पत्र्याचे वर्ग, सकाळची एक पाळी नि दुपारची एक. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली आणि सगळ्या ऋतूंत टिकेल अशी इमारत हे त्यात लिहिलेलं आहे. ज्या शाळांकडे ते नव्हतं त्यांना तीन वर्षांची मुदत होती. ती ३१ मार्च २०१३ ला संपली.

त्याच कायद्यानं तुमच्या हातात एक गोष्ट दिली आहे, आणि तिचा वापर फार थोडे जण करतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळा विकास आराखडा ही समिती बनवते, आणि तोच पुढच्या निधीचा आधार ठरतो. तुमचं मूल, भाचा, पुतणी, शेजारचं लेकरू पत्र्याच्या वर्गात बसत असेल तर पुढच्या सभेला जा. त्या आराखड्यात पत्र्याची खोली ‘वर्गखोली’ म्हणून मोजू देऊ नका. वेगळ्या ओळीत ‘तात्पुरती’ असं लिहायला लावा, आणि त्यापुढे ती कधी उभी राहिली ते साल, आणि तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज कितवीत आहेत ते लिहा. ठरावावर सह्या घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. ग्रामसभेतही तोच कागद वाचा. दर जूनमध्ये इयत्तेचा आकडा एकानं वाढवून तो पुन्हा पाठवा, इमारत उभी राहीपर्यंत.